'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला वर्णद्वेष तिकडचा, मग आपल्याकडच्या माणसाने ती कादंबरी का वाचावी?

तुम्ही लिहिलंय की कादंबरी भारी आहे असं सगळे सांगतात पण गोरे-काळे हा आपला विषयच नाही, तर आपण त्यातून काय घ्यायचं. कॉलेजात परीक्षेपुरती वाचली तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. पुढे स्वतः शाळेत शिकवायला लागल्यावर परत वाचली आणि मधेच पुस्तक मिटून बराच वेळ पडवीत बसून राहिले. का ते सांगते, जरा लांबेल.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हार्पर ली यांची कादंबरी, १९६० ला आली, पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, काळ १९३३ ते ३५ चा, मंदीचा. गोष्ट सांगते स्काउट नावाची छोटी मुलगी, तिचा भाऊ जेम, आणि वडील अ‍ॅटिकस फिंच, वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ येतो आणि त्याची केस अ‍ॅटिकस लढवतात. कोर्टात असं निघतं की मुलीला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुतेक डावखुरा, आणि टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या मशीनमध्ये सापडून कायमचा निकामी झालेला, उलट मुलीचा बाप भर कोर्टात डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहून दाखवतो. आंधळ्यालाही कळेल असं. तरीही निकाल देणारी साध्या नागरिकांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते, आणि नंतर तुरुंगातून पळायला गेला म्हणून त्याला १७ गोळ्या घालतात.

बहुतेक लोक व्हिलन म्हणून त्या बापाकडे, बॉब इवेलकडे बोट दाखवतात. मला तो तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. उकिरड्याशेजारी राहणारा बेवडा माणूस, गावात त्याला विचारत कोण होतं? त्याच्या शब्दाला किंमत आली कारण ज्युरीतल्या बारा जणांनी ती दिली, आणि ती बारा माणसं घरी बायकापोरांत चांगलीच असणार, शेतकरी माणसं, देवाला जाणारी. कादंबरीची खरी ताकद मला तिथे दिसते, तिने पूर्वग्रह चांगल्या माणसांच्या घरात दाखवलाय.

स्काउटच्या शाळेतल्या गेट्स बाईंचा प्रसंग बघा. वर्गात एक मुलगा हिटलर ज्यूंना कसा छळतो त्याची बातमी सांगतो. बाई फळ्यावर मोठ्या अक्षरात लोकशाही असं लिहितात, मुलांना समजावतात की आपल्याकडे असं कुणाला छळत नाहीत, छळतात ते पूर्वग्रह असलेले लोक, आणि त्या हे अगदी मनापासून बोलतात. पण याच बाई टॉमच्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना कुणाला तरी म्हणालेल्या असतात की या लोकांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, फार डोक्यावर चढायला लागलेत. स्काउटला हे दोन्ही एकत्र जुळवता येत नाही, ती जेमला विचारते की हिटलरचा इतका राग करणारं माणूस आपल्याच गावातल्या लोकांबद्दल असं कसं बोलू शकतं. जेम उत्तर देत नाही, तिच्यावर ओरडतो. मी स्वतः शिक्षिका आहे आणि ते पान वाचताना मला घाम फुटला होता, कारण समतेचा धडा फळ्यावर लिहून स्टाफरूममध्ये आडनावावरून माणसं मोजणारे मी पाहिलेत, आणि तिथे मी स्वतः गप्प बसलेली आहे.

आता आमच्या गावाचं सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. बाणकोटच्या खाडीकाठी आमचं गाव, नाव नको. १९९१ साली मी ११ वर्षांची होते. मोठ्या काकांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, मुंबईत दुसऱ्या जातीतल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. गावकी, म्हणजे गावातल्या जाणत्यांची पंचायत, बसली आणि काकांचं घर वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, दुकानातून सामान नाही, सामायिक विहिरीवर यायचं नाही, आणि जो कुणी बोलेल त्याला ५०१ रुपये दंड. आमचं घर त्यांच्या घराला लागून, मधे फक्त चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. आदल्या दिवसापर्यंत काकी त्या गडग्यावरून आमटीची वाटी द्यायची.

शिमगा आला. कोकणातल्या माणसाला सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, वर्षातून एकदा देवी स्वतः दारात येते म्हणून चाकरमानी नोकरीवर पाणी सोडून गावाला येतात. पालखीत देव असतो म्हणजे खरंच असतो असं आम्ही मानतो, जमिनीत पुरलेला नारळ पालखी ओढ घेऊन शोधून काढते, आम्ही त्याला खूण काढणं म्हणतो. त्या वर्षी काकांकडे पालखी जायची नाही असं ठरलेलं, आणि ते काकीला माहीत होतं. तरी तिने पहाटे उठून अंगण सारवलं, रांगोळी काढली, पालखी टेकवायला पाट मांडला, ओटीचं ताट भरून दारात ठेवलं. नवी वैनी तिच्या मागे उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, हातात नारळ. खालूबाजा, म्हणजे पालखीपुढची वाद्यं, जवळ आला, पालखी आमच्या अंगणात आली, नाचली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आईने ओटी भरली. मग पालखी गडग्याला वळसा घालून निघाली आणि काकीच्या बेड्यासमोरून, म्हणजे फाटकासमोरून, सरळ पुढच्या घरी गेली. पालखी खांद्यावर वाहणाऱ्या पुढच्या भोयांत नाना होते, ज्यांनी मला खाडीत पोहायला शिकवलं होतं, गावातला सगळ्यात मऊ माणूस. त्यांनी मान वर केली नाही. काकी ताट हातात घेऊन तशीच उभी होती, वाजप पार ओढ्यापलीकडे जाईपर्यंत.

आमच्या घरी पालखी आली हे मी विसरू शकत नाही. बाबांनी नारळ फोडला. स्काउटचे वडील गावाविरुद्ध एकटे उभे राहिले, माझे बाबा सख्ख्या भावासाठी नाही राहिले. तीन पोरं, विहीर सामायिक, भात लावायला माणसं गावातलीच, हे सगळं मला आता कळतं, पण म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

कादंबरीत तुरुंगाबाहेरचा एक सीन आहे. टॉमला मारायला जमाव येतो आणि त्यात स्काउटला तिच्या वर्गातल्या मुलाचे वडील दिसतात, कनिंगहॅम, ती त्यांना नावाने हाक मारते, तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याला माझं हॅलो सांगा म्हणते. तो माणूस वरमतो आणि सगळ्यांना घेऊन परत जातो. पुढे अ‍ॅटिकस मुलांना सांगतात की ज्युरीत टॉमला सोडावं म्हणून अडून बसलेला एकच जण होता आणि तो या कनिंगहॅम लोकांचाच नातेवाईक. मी इथे थांबले होते वाचताना. मला वाटलं मी त्या दिवशी नानांना हाक मारायला हवी होती. ११ वर्षांच्या मुलीला कोण दंड लावणार होतं.

अजून एक गोष्ट. अ‍ॅटिकस शेवटच्या भाषणात सांगतात की त्या मुलीने, मायेलाने, समाजाचा एक कडक नियम मोडलाय, तिने काळ्या माणसाला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, आणि आता तिला त्या चुकीचा पुरावा डोळ्यांसमोरून हटवायचाय, तो पुरावा म्हणजे टॉम. आमच्याकडेही गुन्हा कुठला होता? कुणाचं नुकसान झालं होतं? नियम मोडला होता फक्त. आणि कायदा तर दोन्हीकडे होता. आमची खाडी ज्या सावित्रीची, तिच्याच वरच्या अंगाला महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ ला झाला, महाड नगरपालिकेने १९२४ ला चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं पाणी प्यायली, तेव्हा आलेल्या लोकांना मारहाण झाली आणि नंतर शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं गेलं. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. याच काळात, १९३१ ला, तिकडे अलाबामात स्कॉट्सबरोला नऊ काळ्या पोरांवर बलात्काराची खोटी केस झाली आणि गोऱ्या ज्युरींनी काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा, मग सांगा हा आपला विषय नाही म्हणून.

कादंबरीत खोट आहे, ती पण सांगते. टॉम कोर्टाबाहेर आपल्याला जवळजवळ भेटतच नाही, कॅलपर्निया ही फिंचांच्या घरात स्वयंपाक करणारी काळी बाई, तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फारसं कळत नाही, सगळं गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनी दिसतं. काकीची गोष्ट मी सांगतेय, वैनी सांगत नाहीये, तसंच ते. २०१५ ला लींचं दुसरं पुस्तक आलं, आधी लिहिलेलं, त्यात म्हातारे अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला बसतात, तेव्हा जगभर लोक हळहळले. मला नाही नवल वाटलं. मी गडग्याच्या अलीकडे वाढलेय.

आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगडातल्या कितीतरी केसेस त्याआधी पेपरात गाजल्या होत्या. कुणी वाचणारा आज यातून जात असेल तर पोलिसात लेखी तक्रार द्या, गावकीत मिटवून टाकू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

काकांचा बहिष्कार सहा वर्षांनी आपोआप विरला, कुणी माफी मागितली नाही. काकी गेली. दोन वर्षांमागे शिमग्याला गेले होते तेव्हा नानांना भेटायला गेले, ऐंशी पार केलेले, ओटीवर बसलेले. मी काही विचारलं नव्हतं. खालूबाजा लांबून ऐकू येत होता आणि ते एकदम म्हणाले, "त्या साली पालखी जड झाली व्हती गो बाय. तुज्या काकीच्या बेड्यापाशी. डाव्या अंगाला वढत व्हती, खांद्याला कळलं माज्या. मी कुणाला बोललो नाय."