छापील मुदत आणि उघडलेली बाटली

प्रश्न : घरातील औषधे आवरताना मुदत संपून दोन महिने झालेल्या तापाच्या गोळ्या, अर्धवट वापरलेले डोळ्यांचे थेंब आणि मुलाला दिलेल्या अँटिबायोटिकचे उरलेले सिरप सापडले. थेंब आणि सिरपची मुदत अजून शिल्लक आहे. यांतले काय वापरावे? औषधे फ्रिजमध्ये ठेवल्यास अधिक टिकतात का?

उत्तर : नेमकी ज्यांची मुदत शिल्लक आहे, तीच दोन औषधे आधी टाकून द्या. छापील तारीख ही सीलबंद आणि सूचनेप्रमाणे ठेवलेल्या औषधापुरती असते. डोळ्यांच्या थेंबांची बाटली एकदा उघडली, की तिच्यात जंतूंचा शिरकाव होऊ शकतो, म्हणून ती साधारणपणे २८ दिवसांनंतर वापरू नये. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहून ठेवावी. पावडरमध्ये पाणी मिसळून तयार केलेले अँटिबायोटिकचे सिरप तर औषधानुसार जेमतेम ७ ते १४ दिवस टिकते. शिवाय उरलेले अँटिबायोटिक पुढच्या तापाला स्वतःच्या मनाने देणे, हे मुदतीत असले तरी चूकच.

गोळ्यांचे तसे नाही. केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास त्या महिन्याच्या अखेरपर्यंत त्या चालतात आणि त्यानंतरही बहुतेक गोळ्या लगेच अपायकारक होत नाहीत, त्यांचा गुण हळूहळू उतरतो. तो किती उतरला, हे घरी कळण्याचा मार्ग नसल्याने मी त्या बदलण्याचाच सल्ला देईन. अ‍ॅस्पिरिनसारखा अपवाद विरळाच : ओलाव्याने तिचे विघटन झाले, की बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो.

फ्रिजचे म्हणाल, तर वेष्टनावर २ ते ८ अंश सेल्सिअस असे लिहिले असेल तेव्हाच तो वापरावा; एरवी तिथला दमटपणा गोळ्यांना बाधतो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्येच हवे, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झालेले दिसले तरी निकामी असते. बाकीच्या औषधांना मुलांचा हात पोहोचणार नाही असे कोरडे, सावलीतले कपाट पुरे; न्हाणीघर आणि शेगडीजवळची फळी टाळावी. गोळ्यांची पट्टी कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखावा. टाकायची औषधे औषधविक्रेता परत घेत असल्यास त्याच्याकडे द्यावीत, मोरीत ओतू नयेत.