नवा सागरी मासा दोन दिवसांत मेला. दुकानदाराकडून पैसे परत मिळतील का?

पूर्ण पैसे परत मिळण्याची अपेक्षा धरू नये. बदली मासा किंवा पुढच्या खरेदीत सूट मिळाली, तरी पुष्कळ झाले. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण मासा विकतानाच आजारी होता हे सिद्ध करणे ग्राहकाला जड जाते, कारण पहिला प्रश्न तुमच्या पाण्याचाच निघतो. म्हणून मेलेला मासा पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा आणि बिलासोबत टाकीतील पाण्याचा नमुनाही दुकानात न्यावा. त्यात अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून साचणारे विष) आढळला, तर दोष टाकीचाच ठरून वाद तिथेच मिटतो. काही दुकाने मासे मुद्दाम कमी खारट, १.०१८ च्या आसपास विशिष्ट घनतेच्या (साध्या पाण्याच्या तुलनेतील घनता; आकडा जितका मोठा, तितके पाणी खारट) पाण्यात ठेवतात. तिथून घरच्या १.०२५ च्या पाण्यात एकदम सोडलेला क्लाउनफिश सुरुवातीला ठणठणीत दिसूनही पुढे दगावू शकतो (थेंबाथेंबाने पाणी मिसळण्याचा कंटाळा महाग पडतो तो असा). टाकी सुरू करून महिनाही झाला नसेल, तर तिचे पाणी अजून स्थिरावलेले नसते, म्हणून बदली मासा लगेच आणू नये. तेवढी रक्कम बिलावर जमा लिहून घ्यावी.