सोलापूरच्या उन्हात कुंड्यांसाठी कंपोस्ट टी जमेल का? गूळ किती घालायचा?

गूळ शून्य. आधी हे लिहून घ्या, बाकीचं मग बोलू.

तुम्ही म्हणताय की सोलापुरात नवीनच राहायला आलोय, गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या आहेत, व्हिडिओत सगळे गूळ घालून कंपोस्ट टी (कुजलेलं खत पाण्यात भिजवून, पंपानं हवा सोडून काढलेलं खताचं पाणी) करतात, तर इथल्या उन्हात तो जमेल का आणि किती दिवसांनी द्यायचा. जमतो. पण या गुळावरून आमच्या घरात इतकं रामायण झालंय की प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

आमचे साडू सांगोल्याकडचे. स्वतःची डाळिंबाची बाग, त्यामुळे झाडाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचाच. एका एप्रिलमध्ये मुक्कामाला आले आणि माझी बादली बघून हसायलाच लागले. "माशांच्या पेटीचा पंप लावून खत करता होय? शहरातली माणसं!" आम्ही दोघं एका लग्नाला परगावी गेलो तेवढ्यात त्यांनी गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये ताजं शेण, गूळ, बेसन आणि माझं जपून ठेवलेलं गांडूळखत असं सगळं कालवलं आणि झाकण गच्च आवळून ड्रम उन्हात ठेवून दिला. परत येऊन झाकण काढतो तर वर राखाडी, जाड साय. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटायचा, की डोळ्यांतून पाणी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस गळतोय समजून सिलिंडरच बंद केला होता. साडू मात्र म्हणाले, "वास म्हणजेच ताकद," आणि माझ्यादेखत एकेक मग तुळशीला, मोगऱ्याला ओतला. तुळस गेली. मोगऱ्याची पानं कडेनं करपली. तर म्हणे उन्हानं! आजही कुठल्या कार्यात भेटले की जेवणाच्या पंगतीत हा विषय निघतोच.

शेण-गुळाच्या असल्या पाण्याला, म्हणजे शेतकरी करतात त्या जीवामृताला, माझा विरोध नाही. 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधाची माती, हा एकरभर शेताचा हिशोब आहे. तोही सावलीत ठेवायचा, वर गोणपाट टाकायचं, रोज काठीनं ढवळायचं. झाकण आवळून उन्हात शिजवा असं त्यात कुठंच नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 40 अंशांना साडेसहाच्या आसपास. वर गूळ टाकला की जिवाणू भराभर वाढतात आणि तेवढाही संपवून टाकतात. मग जे उरतं ते सडकं पाणी. अमेरिकेत 2004 मध्ये सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय मंडळाच्या कंपोस्ट टी कार्यगटानेही असल्या गोड खाद्याबद्दल सावध केलं होतं, कारण खतात रोगजंतू राहिले असतील तर तेही त्यावरच पोसतात. हे मी साडूंना वाचून दाखवलं. "अमेरिकेत डाळिंब होतंय का?" म्हणाले. आता होतंय की, कॅलिफोर्नियात! पण ऐकणार कोण?

तर कृती. पूर्ण कुजलेलं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत दोन किलो, जुन्या सुती कापडात सैल बांधून 20 लिटरच्या बादलीत सोडायचं. माशांच्या पेटीच्या पंपाचा, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड तळाशी. बादली जिन्याखाली किंवा न्हाणीघरात, गच्चीवर नाही. एक रात्र-दिवस झाला की गाळून त्याच संध्याकाळी संपवायचं. मध्येच तासन्‌तास लाईट गेली तर वाट बघत बसू नका, आहे तसं ओतून टाका. उद्यासाठी बाटलीत भरून ठेवायचं नाही, आणि बाजारात बंद बाटलीत मिळतो तो तर विकतही घेऊ नका. त्यातलं जिवंत काय उरलं असेल?

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची काळजी व्हिडिओवाल्यांनी करावी. आपल्याकडे पाणी दिवसाआड नाही, कित्येक दिवसांआड येतं. पिंपात साठवलेल्यातलं क्लोरीन तोवर उडून गेलेलं असतं. फक्त पिंपावर कापड घट्ट बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास पोसाल. बोअरचं पाणी मात्र नको. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय ना, तो त्याचाच क्षार. त्यात खताचं पाणी म्हणजे क्षारावर क्षार.

कितीदा द्यायचं? पंधरा दिवसांतून एकदा पुष्कळ झालं, तेही माती आधी ओली करून, मुळाशी. खरं सांगायचं तर यात नत्र-स्फुरद फार नसतं. तेच खत दोन मुठी कुंडीत घालून वर पालापाचोळा पसरलात तर मे महिन्यात त्याचा उपयोग जास्त होईल. मी करतो ते हौसेनं, आणि थोडं साडूंना दाखवायला.

हो, राहिलंच. कोथिंबीर, पालक, कच्चं खायचं काहीही असेल तर पानांवर फवारू नका, गूळ घातला नसला तरी. आणि फवारून भुरी, करपा असले पानांवरचे रोग हमखास जातात म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कधी फरक पडतो, कधी काहीच नाही. साडूंच्या बागेतला तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग, तोही त्यांच्या ड्रमनं गेला नव्हता. शेवटी डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारून आले. ते आपलं इथंच आहे, केगावला. चहा माझ्याकडेच प्यायले, पण विषय काढला नाही.