घरी केलेल्या लग्नाच्या डीव्हीडीत आवाज मागे पडतो, नवीन प्लेअर घ्यावा का?

नवीन प्लेअर अजिबात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की व्हीएचएस कॅसेटवरून घरीच डीव्हीडी केली, सुरुवात बरोबर चालते आणि पुढे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. प्लेअरचा दोष असता तर फरक पहिल्या मिनिटापासून तेवढाच राहिला असता आणि विकतच्या डीव्हीडीतही दिसला असता. खात्री करायची तर डिस्कवरच्या फायली कॉम्प्युटरवर उतरवून व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावा. तिथेही तेच झालं, तर गडबड बहुधा कॅसेट कॉम्प्युटरवर घेतानाच झालेली आहे.

हे लिहायला बसलो कारण याच गोष्टीवरून मी आणि माझा मोठा भाऊ वर्षभर एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

ताईचं लग्न मे १९९४ मध्ये नागपूरच्या महाल भागातल्या एका कार्यालयात झालं. मंगलाष्टकं बाबांनी स्वतः रचली, शार्दूलविक्रीडित वृत्तात, आणि स्वतःच म्हटली. एका हातात वहीचा कागद, दुसऱ्या हातात माईक, मागे कूलरची घरघर. बाबा २००५ साली गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही, तेवढी एक कॅसेट. ती बारा वर्षं माळ्यावरच्या लोखंडी पेटीत पडून होती. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा माळ्यावर काय होत असेल ते इथल्या माणसाला सांगायला नको.

२००६ मध्ये दादाने बर्डीच्या बाजारातून कॅप्चर कार्ड (कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं) आणि कोऱ्या डीव्हीडी आणल्या. भारनियमनाच्या वेळा सांभाळून एका दुपारी दोन तासांची कॅसेट उतरवली. संध्याकाळी सगळे पाहायला बसलो. मंगलाष्टकं सुरू झाली तशी आई म्हणाली, "यांचं तोंड मिटून गेल्यावर आवाज येऊन राहिला."

दादा म्हणाला, "आवाज येऊन राहिला न, मग झालं. ओठ कोण पाह्यते?"

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

ओठ सगळेच पाहतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत धरलेलं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला जाणवायला लागतं. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मागे पडलेल्या तीन-चार फ्रेमसुद्धा डोळ्याला सापडतात. आमच्याकडे चाळीस गेल्या होत्या.

त्या कशा गेल्या ते सांगतो, कारण तुमच्याकडेही बहुधा हेच झालं असेल. कॅसेटची टेप बरोबर अर्ध्या तासावर एका जागी चुरगळलेली होती. तिथे चित्र थरथरतं, आडव्या रेघा येतात. अशा जागी कार्डाला चित्राचा ठेका सापडत नाही आणि ते फ्रेम सोडून देतं. आवाज मात्र दुसऱ्या वायरने साउंड कार्डात जात असतो, त्याला याचा पत्ताच नसतो. चित्राचे चाळीस तुकडे गळाले, आवाज पूर्ण आला. चित्र १.६ सेकंदांनी पुढे सरकलं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. व्हर्चुअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना गळालेल्या फ्रेमचा आकडा समोरच दिसतो. दादाने तो पाहिला होता. "दोन तासांत चाळीस म्हणजे काय?" असं म्हणून सोडून दिला.

मी कटकट केली म्हणून त्याने दुरुस्ती केली. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो (वेग) बदलून दोन तासांचा सगळा आवाज १.६ सेकंदांनी आखडला. आवाजाची लांबी चित्राएवढी झाली. पहिलं मिनिट लावून दाखवलं, बरोबर. शेवटचं लावून दाखवलं, ताईची पाठवणी, तेही बरोबर. म्हणाला, "दोन्ही टोकं जुळली. आता काहून कटकट करतं?"

हिशेब करून बघा. आधीच्या अर्ध्या तासात काहीच गळालं नव्हतं, ते मुळात बरोबर होतं. आखडल्यामुळे तिथला आवाज पुढे पळायला लागला, तिसाव्या मिनिटाला ०.४ सेकंद. आवाज मागे पडला तर माणूस थोडा सांभाळून घेतो, कारण लांबचा ढोल आधी दिसतो नि मग ऐकू येतो याची कानाला सवय असते. आवाज आधी आलेला त्याला बिलकुल सहन होत नाही. आणि मंगलाष्टकं होती पंचेचाळिसाव्या मिनिटाला. तिथे १.६ मधले ०.६ भरून निघाले, पूर्ण एक सेकंद तसाच उरला. म्हणजे चांगलं होतं ते बिघडवलं आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते बिघडलेलंच राहिलं. मी हे कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, मी लहान आहे.

शेवटी मीच तीन रात्री बसलो. दादाची मूळ फाईल घेतली. आवाज अर्ध्या तासाच्या त्या चुरगळलेल्या जागी कापला, तिथले १.६ सेकंद काढले आणि पुढचा सगळा आवाज अलीकडे ओढला. बाकी कुठेही हात लावला नाही.

जुळलं की नाही हे बघायची खूण आपल्या भाषेतच आहे: प, फ, ब, भ, म. ही अक्षरं म्हणताना ओठ मिटावेच लागतात. "सावधान" वर तपासाल तर फसाल, त्यात ओठ कुठेच मिटत नाहीत. "कुर्यात् सदा मंगलम्" वर तपासा. बाबा शेवटचा म् लांबवायचे, ओठ घट्ट मिटलेले आणि गळ्यातून नुसता गुंजारव, मग अक्षता पडायच्या आणि ताशावाल्याची काडी खाली यायची. मी एकेक फ्रेम पुढे-मागे करत ओठ मिटण्याच्या फ्रेमवर म् आणून बसवला. मग ताशाची काडी पाहिली, तीही बसली. सकाळी आईला उठवून लावून दिलं. तिने आठही मंगलाष्टकं पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

तेव्हा तुम्ही आधी वही घेऊन बसा. दर दहा मिनिटांनी एक प-ब-म शोधा आणि आवाज किती मागे आहे ते लिहा. व्हीएलसीत जे आणि के या कळांनी आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी सरकतो, त्यावरून आकडा मिळतो. फरक एका जागी उडी मारून वाढत असेल, तर त्याच जागी कापा. सगळ्याला एकच आकडा लावू नका, कोणी कितीही मोठा माणूस सांगो.

फरक दहा मिनिटांनी थोडा, वीस मिनिटांनी दुप्पट असा सरळ वाढत असेल, तर मात्र आखडणं किंवा ताणणं हाच बरोबर उपाय आहे. कार्ड आणि साउंड कार्ड यांची घड्याळं वेगळी चालली की असं होतं. तिथे दादाची पद्धत चालते, हे मला मान्य आहे. आणि फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर डिस्कला हात लावायच्या आधी टीव्ही बघा. नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात आणि आवाज बाहेरच्या स्पीकरला दिला असेल तर तो आधी पोचतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावून पाहा, त्यात ही प्रक्रिया कमी होते.

कॅसेट अजून चालत असेल तर पुन्हा उतरवणं सगळ्यात उत्तम. कोणाकडे जुना डीव्ही (डिजिटल टेपचा) कॅमेरा असेल आणि त्यात बाहेरून चित्र घ्यायची सोय असेल तर त्यातून घ्या. चित्र नि आवाज एकाच यंत्रातून एकाच वायरने येतात, मग सहसा फाटे फुटत नाहीत. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच घ्या, डीव्हीडीला सहसा तोच लागतो. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, आणि डिस्क झाली म्हणून ती टाकून देऊ नका.

दादाला नीट केलेली डिस्क मी दोनदा नेऊन दिली. त्याच्या टीव्हीखालच्या खणात अजून ती टोकं जुळवलेलीच आहे, आणि ताईची मुलं आली की तो त्यांना आजोबा त्याच डिस्कवर दाखवतो.