पेन्सिलने लिहिलेली ओळ

प्रिय मुली,

तुझी निरीक्षणवही काल मिळाली. अक्षर सुरेख, समास सोडलेला, शीर्षकांखाली दुहेरी रेघ. अंगणवाडीतल्या त्या साडेचार वर्षांच्या मुलाबद्दल पहिल्याच पानावर लिहिलं आहेस : ‘हट्टी. एकलकोंडा. स्वतःशीच बडबडतो. पियाजेनुसार पूर्वक्रियात्मक अवस्था, आत्मकेंद्री.’ मी पान उलटलं, परत मागे आले. मुलगा काही कुठे सापडला नाही.

मग समासात पेन्सिलने, खोडायला सोपं जावं अशा बारीक अक्षरात लिहिलेली एक ओळ दिसली : ‘ठोकळे रचताना – ह्यो नाय, ह्यो पडंल. मोठा खाली. मोठा खाली.’ पोरी, अख्ख्या वहीत निरीक्षण म्हणावं असं एवढंच आहे. बाकी सगळे निकाल.

‘हट्टी’चंच बघ. ताईंनी खिचडीला हाक मारली आणि तो उठला नाही, असं तू फोनवर सांगितलंस. किती हाका मारल्या? मनोरा अर्धा होता की पुरा झाला होता? शेवटी तो आपणहून उठला की उचलून न्यावं लागलं? हे लिहिलं असतंस तर कदाचित तो शब्द लागलाच नसता.

आता त्या बडबडीविषयी. तू ज्याचा आधार घेतलास तो पियाजे स्विस मानसशास्त्रज्ञ, आणि ‘पूर्वक्रियात्मक’ ही त्यानं ठरवलेली साधारण दोन ते सात वर्षांची पायरी. त्यानं जिनेव्हातल्या एका बालशाळेत सहा वर्षांच्या दोन मुलांच्या तोंडचा शब्दन्‌शब्द जवळजवळ महिनाभर टिपून घेतला. त्यावरचं त्याचं पुस्तक १९२३ सालचं. मुलांचं बरंचसं बोलणं कुणाला उद्देशून नसतं, ऐकणाऱ्याला कळतंय का याची त्यांना फिकीर नसते, असं त्याला दिसलं. यालाच त्यानं आत्मकेंद्री भाषण म्हटलं, आणि मूल इतरांत मिसळू लागलं की ते विरून जातं असं मांडलं. तू इथवर आलीस आणि थांबलीस.

तिकडे रशियात व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञानं एक खोडकर युक्ती केली. मूल चित्र काढायला बसलं की ऐन वेळी हवी ती रंगीत पेन्सिलच नसायची, नाहीतर कागद नसायचा. काम असं अडलं की मुलाची स्वतःशी बडबड जवळपास दुप्पट व्हायची. म्हणजे ते बोलणं वायफळ नव्हतं. अडलेलं काम सोडवताना मूल शब्दांचा आधार घेत होतं. आणि पुढे ते विरतही नाही. आत जातं, मनातल्या मनात चालू राहतं. तू किल्ल्या शोधताना काय करतेस ते आठव. व्हिगॉट्स्की १९३४ मध्ये क्षयानं गेला, वय अवघं ३७. त्याची ही टीका पियाजेनं वाचली ती जवळजवळ २५ वर्षांनी, आणि या मुद्द्यावर त्याचं म्हणणं बरंचसं मान्यही केलं. इतक्या मोठ्या माणसाला मत बदलता येतं, तर तुझ्या वहीतलं पहिलं पान पुन्हा लिहायला काय हरकत आहे?

पण बघ, या दोघांचं भांडण ज्याच्यावर तोलता येतं ते तुझ्या समासातच होतं. ‘स्वतःशीच बडबडतो’ या वाक्यावर काहीच तोलता येत नाही.

माझ्याकडूनही हे झालं आहे. डहाणूच्या बाजूला एका मुलीच्या नावापुढे ‘भाषाविकास मंद’ लिहून मी मोकळी झाले होते. ती घरी वारली बोलायची, माझ्या पुस्तकी मराठीला काय उत्तर देणार? आणि हे कुठे, तर बोर्डीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. हे सगळं मला पाठ होतं, बरं का.

सोमवारी पुन्हा जा. एकच मूल, २० मिनिटं, घड्याळ समोर. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे वेळ, त्यानं काय केलं, काय बोलला. बोली त्याचीच, ‘ह्यो’चं ‘हा’ करू नकोस. उजवी बाजू संध्याकाळपर्यंत कोरी ठेव. मुद्दाम ठोकळा लपवायला मात्र जाऊ नकोस, तुला ते शोभणार नाही आणि त्याला कळेल. मनोरा आपसूक कुठेतरी अडतोच. तेव्हा बडबड वाढते की तो गप्प होतो, एवढं बघ. गप्प झाला तरी तसंच लिही. व्हिगॉट्स्कीची लाज राखायची जबाबदारी तुझ्यावर नाही. एरिक्सन आणि बोल्बी हे तुझ्या पुस्तकातले बाकीचे मानसशास्त्रज्ञ सध्या परीक्षेपुरते राहू देत.

आणखी एक. व्हिगॉट्स्कीच्या मते मूल स्वतःशी जे बोलतं ते आधी दुसऱ्या कुणीतरी त्याच्याशी बोललेलं असतं. ‘मोठा खाली, मोठा खाली’ हे मला भांडी लावणाऱ्या बाईचं वाटतंय, नाहीतर विटा रचणाऱ्याचं. त्याच्या घरी असं कोण म्हणतं, तेवढं ताईंना विचारून कळव.

तुझी,
बाई