टर्म लिमिट: मत बनवायच्या आधी थोडं

अगं, तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतल्या राज्यांच्या आमदारांना टर्म लिमिट, म्हणजे किती वर्षं पदावर राहायचं याची मर्यादा, पाहिजेच म्हणतेस, आणि खरं सांगू का, तुझ्या वयात मी पण हेच तावातावाने बोलायचे. राग चुकीचा नाहीये. इलिनॉयमध्ये बघ ना, आमदारकीला अशी मर्यादाच नाही, तिथले मायकल मॅडिगन 1983 पासून 2021 पर्यंत, मधली दोन वर्षं सोडली तर, स्पीकरच्या खुर्चीत, आणि 2025 ला भ्रष्टाचाराच्या केसमध्ये साडेसात वर्षांची शिक्षा. कोणाचंही डोकं फिरेल.

पण एक गोष्ट आधी सुधार, तू काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेला, यात मिसळलंयस. त्यांच्यावर राज्यांना मर्यादा घालता येत नाही, 1995 लाच सुप्रीम कोर्टाने तो विषय संपवला. आपण फक्त राज्यांच्या विधिमंडळांचं बोलतोय, आणि 16 राज्यांत आज हा नियम आहे.

आता कॅलिफोर्निया नीट वाच. 1990 ला मतदारांनी प्रपोझिशन 140, म्हणजे थेट त्यांच्या मतदानाला आलेला प्रस्ताव, पास केलं, असेंब्लीत (खालचं सभागृह) 6 वर्षं, सिनेटमध्ये (वरचं) 8, नंतर त्या सभागृहात परत कधीच नाही. लोकांचा रोख होता स्पीकर विली ब्राउनवर, ते 1980 पासून खुर्चीत. मग गेले का घरी? छे, सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर झाले! इकडे असेंब्लीची टर्म 2 वर्षांची, म्हणजे पहिली जाते बजेट समजण्यात, दुसरीत जरा हात बसतो, आणि तिसरीत माणूस पुढची सीट शोधायला लागतो, सिनेटची नाहीतर कौंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी), मग दहा वर्षांनी फळ देणाऱ्या कामात जीव कोण ओतणार? त्याच प्रपोझिशनने विधिमंडळाच्या खर्चालाही कात्री लावली, मुरलेला स्टाफ गेला. मग नवीन आमदार अडला की विचारणार कोणाला? लॉबीस्टला, म्हणजे कंपन्यांसाठी नाहीतर संघटनांसाठी आमदारांकडे वजन वापरणाऱ्याला. त्याला कुठे टर्म लिमिट आहे!

म्हणून 2012 ला नियम बदलला, एकूण 12 वर्षं, पण सगळी एकाच सभागृहात काढता येतात. मिशिगननेही 2022 ला तेच केलं. मला हेच पटतं, एकूण वर्षं कमी झाली तरी बूड टेकून शिकता येतं. ॲरिझोनात सलग 8 वर्षं झाली की दुसऱ्या सभागृहात उडी मारायची, मीटर पुन्हा शून्यावर, त्याला काय मर्यादा म्हणायचं? आणि आयडाहोत तर मतदारांनी घातलेला लगाम 2002 ला आमदारांनी स्वतःच काढून टाकला (हसू येतं मला).

तेव्हा नुसतं हवं की नको असं भांडू नकोस, किती वर्षं, कुठे, आणि परत येता येतं का, ते विचार. इंटर्नशिपला जाशील तेव्हा एकदा कमिटीच्या मीटिंगला मागच्या रांगेत बस, आमदार बिलावर बोलता बोलता अडखळला की मान कोणाकडे वळवतो ते बघ, आणि मग मला फोन कर.