क्रॉसवर्डमध्ये आकडे आले की अडतं, गणित परत शिकू का?

प्रश्न: इंग्लिश क्रिप्टिक क्रॉसवर्ड (ज्यात क्लू म्हणजे शब्दांचा खेळ असतो) मी बरीच वर्षं सोडवतोय. अ‍ॅनाग्राम (अक्षरांची अदलाबदल), लपवलेला शब्द, उलटा शब्द, सगळं जमतं. पण क्लूमध्ये आकडा किंवा गणितातला शब्द दिसला की डोकं बंद पडतं. आणि कधीकधी तर अख्खं कोडंच आकड्यांचं असतं, शब्द एकही नाही, आडव्या-उभ्या ओळींना नुसतं 'वर्ग', 'घन', 'मूळ संख्या' एवढंच लिहिलेलं, ते मी सरळ सोडून देतो. गणिताचं पुस्तक परत उघडावं लागेल का? – एक वाचक

उत्तर: नाही लागणार. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्यात, त्या आधी सुट्या करू, कारण दोन्हीकडे वागायची पद्धत बरोब्बर उलटी आहे.

शब्दांच्या क्लूमध्ये आकडा आला तर हिशोब करायचाच नाही. तिथे आकडा म्हणजे बहुतेक वेळा अक्षरच असतं. रोमन आकडे सातच आहेत, एकला आय, पाचला व्ही, दहाला एक्स, पन्नासला एल, शंभरला सी, पाचशेला डी आणि हजारला एम, हे तोंडपाठ करून टाका. शून्य म्हणजे ओ, पण ते सरळ शून्य म्हणून क्वचितच येतं, टेनिसमधलं 'लव्ह' नाहीतर क्रिकेटमधला 'डक' बनून येतं. 'अननोन' दिसलं की एक्स, वाय, झेड, 'फंक्शन' दिसलं की सिन, कॉस, टॅन, लॉग, 'टाइम्स' म्हणजे गुणाकाराचं चिन्ह म्हणून परत एक्स, आणि 'टीम' म्हणजे अकरा जण म्हणून एक्स-आय. समजा क्लू आहे 'स्टर (ढवळणे) १००९'. तुम्ही १००९ चे अवयव पाडायला बसलात तर संपलं (ती मूळ संख्या आहे, हाती काहीच लागणार नाही), पण रोमनमध्ये लिहा, एम, आय, एक्स, झालं 'मिक्स', आणि स्टरचा अर्थही तोच. अजून एक जुना सापळा सांगतो, 'नंबर' शब्द दिसला की आपण संख्या शोधतो, पण तेच स्पेलिंग 'नम्ब' अधिक 'अर' असंही वाचता येतं, आणि सेटरच्या (कोडं रचणाऱ्याच्या) मनात 'नम्ब' करणारा, म्हणजे बधिर करणारा पदार्थ असू शकतो, मग उत्तर निघतं 'ईथर'. हे गणित नाहीच, तुम्हाला आधीपासून येतंय तेच आहे, फक्त आकडा बघून तुम्ही दचकता.

आता पूर्ण आकड्यांची कोडी. ही मला मनापासून आवडतात आणि लोक ती न बघताच सोडून देतात याचं खरंच वाईट वाटतं. ब्रिटनमधलं 'लिसनर' क्रॉसवर्ड अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, १९३० पासून चालू आहे, मूळ साप्ताहिक 'द लिसनर' १९९१ मध्ये बंद पडल्यापासून 'द टाइम्स'मध्ये येतं, आणि तिथेसुद्धा वर्षातून चार वेळा संपूर्ण आकड्यांचं कोडं असतं. त्यातलं पुष्कळसं काम शाळेतल्या गणितावर भागतं. चूक होते ती समीकरणं मांडण्यात. समीकरण मांडू नका, यादी करा.

एक छोटं करूनच दाखवतो. दोन ओळी, तीन रकाने, एकूण सहा घरं. आडवं १ घन, आडवं ४ वर्ग. उभं १ वर्ग, उभं २ घन, उभं ३ लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार. एवढंच दिलंय. बघून वाटतं की हे कसं सुटणार, शक्यता तर ढीगभर असतील. पण तीन अंकी घन फक्त पाच आहेत, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९. दोन अंकी घन दोनच, २७ आणि ६४. म्हणजे उभं २ हे २ ने नाहीतर ६ ने सुरू होणार, आणि तोच अंक आडव्या १ च्या मध्ये बसतो, मग पाचातले १२५ आणि ७२९ एवढेच उरले. दोन अंकी वर्गांपैकी ७ ने सुरू होणारा एकही नाही (१६, २५, ३६, ४९, ६४, ८१, मोजून घ्या), म्हणून ७२९ गेला. आडवं १ झालं १२५, उभं १ झालं १६, उभं २ झालं २७. खालची ओळ आता ६७ ने सुरू होते, आणि २५ चा वर्ग ६२५, २७ चा ७२९, मधला २६ चा ६७६, दुसरा पर्यायच नाही. उभं ३ आलं ५६, म्हणजे सात आठे छप्पन्न, तेही जुळलं! पाढ्यांपलीकडे काही लागलं का?

म्हणून सुरुवात नेहमी जिथे यादी सगळ्यात छोटी तिथून. घन, दोनचे घात (तीन अंकी फक्त १२८, २५६, ५१२), फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार, तीन अंकी १२० आणि ७२० दोनच), हे आधी. मूळ संख्या शेवटी, त्या फार असतात, पण एक उपयोग आहे, दोन किंवा जास्त अंकी मूळ संख्येच्या एकक स्थानी १, ३, ७, ९ एवढेच अंक येतात. वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. आणि सगळ्यात कामाचा नियम कोड्याच्या वर बारीक अक्षरात असतो किंवा गृहीत धरलेला असतो, कुठलंही उत्तर शून्याने सुरू होत नाही. म्हणजे ज्या घरातून उभं उत्तर सुरू होतं तिथे आडव्या उत्तराचं शून्य येऊच शकत नाही, यावर कितीतरी शक्यता उडतात.

काही आकडी कोड्यांत अक्षरांना किमती देऊन क्लू येतात, शेजारी-शेजारी अक्षरं म्हणजे गुणाकार, तिथे घरांची संख्या बघा. प्रत्येक अक्षर म्हणजे वेगळी मूळ संख्या असेल आणि उत्तराला दोनच घरं असतील, तर चार अक्षरांचा गुणाकार तिथे बसणारच नाही, कारण सगळ्यात लहान चार, म्हणजे २, ३, ५, ७, यांचाच गुणाकार २१० होतो. तीन अक्षरं असली तर त्यात २ असणारच, कारण २ सोडून सगळ्यात लहान गुणाकार ३, ५, ७ चा, १०५. एका नजरेत इतकं कळतं.

प्रश्न: मग कॅल्क्युलेटर वापरला तर ती चीटिंग का? – तोच वाचक

उत्तर: माझ्या मते अजिबात नाही. डिक्शनरी उघडून शब्द बघता ना, तसंच ४७ चा वर्ग बघितला. संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला लावणं मात्र मी टाळतो, कारण कुठली यादी आधी करायची हे ठरवण्यातच सगळी मजा आहे आणि तीच आपण त्याला देऊन टाकतो. कागदाच्या कडेला वर्ग ३१ पर्यंत आणि घन २१ पर्यंत लिहून ठेवा, तीन अंकी वर्ग आणि चार अंकी घन तेवढ्यात संपतात. पुढचं कोडं आलं की सोडून न देता आधी फक्त घनाचे क्लू शोधा, आणि कुठे अडलं ते लिहून पाठवा, तो क्लू आपण पुढच्या वेळी इथेच सोडवू.